थॉमस मान आणि हाइनरिश मान : नोबेल कुणाचं, ‘पिंजरा’ कुणाचा?

जर्मन कादंबरीकार मान म्हटलं की लोक थॉमस मानबद्दलच बोलत असतात, म्हणजे १९२९ चं नोबेलवाला. पण मराठी माणसाला जी गोष्ट आधीपासून माहितीये ती त्याच्या थोरल्या भावाची, हाइनरिश मानची. शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आठवा, तमाशातल्या बाईपायी आयुष्य उधळून बसलेले मास्तर, तर त्या गोष्टीचं मूळ ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन सिनेमात आहे आणि त्या सिनेमाचं मूळ हाइनरिशच्या १९०५ च्या ‘प्रोफेसर उनराट’ या कादंबरीत. सिनेमाने त्यातली नायिका मार्लेन डीट्रिशला जगभर नेलं, लेखक मागे राहिला. शिवाय कादंबरी बरीच वेगळी आहे. सिनेमातला मास्तर विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात येऊन मरतो, कादंबरीतला मात्र ज्या गायिकेच्या नादी लागला तिच्याशी लग्न करून घरात जुगार वगैरे सुरू करतो आणि ज्या प्रतिष्ठित गावाने त्याला हिणवलं त्याच गावाला नादी लावून सूड उगवतो. मला तर हाच शेवट जास्त जबरदस्त वाटतो, कारण रोख एका माणसाच्या अधःपातावर नाही, सगळ्या गावाच्या ढोंगावर आहे.

दोघंही उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकचे, हाइनरिश १८७१ चा आणि थॉमस १८७५ चा. वडील धान्याचे मोठे व्यापारी आणि शहराचे सिनेटर, आई ब्राझीलमध्ये जन्मलेली. १८९१ मध्ये वडील गेले आणि पेढी बंद झाली. याच घराण्यावरून थॉमसने ‘बुडनब्रूक्स’ लिहिली, चार पिढ्यांत एक व्यापारी घर कसं खचत जातं त्याची कादंबरी, आणि ती १९०१ मध्ये आली तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता! नोबेलच्या मानपत्रातही मुख्य उल्लेख याच पुस्तकाचा आहे, ‘द मॅजिक माउंटन’ १९२४ लाच येऊन गाजली होती तरी तिचं नाव नाही. (नोबेलच्या यादीत एक हाइनरिश सापडतो तो १९७२ चा हाइनरिश ब्योल, त्याचा या घराशी काही संबंध नाही.)

दोघांना वेगळं ओळखायचं तर माझ्या मते पुस्तकांपेक्षा राजकारण बघावं. हाइनरिशने ‘डेअर उंटरटान’ (म्हणजे ‘प्रजाजन’) ही कादंबरी १९१४ मध्ये संपवली, वरच्यापुढे वाकणारा आणि खालच्याला तुडवणारा कैसरभक्त, म्हणजे जर्मन सम्राटाचा भक्त, हा तिचा नायक. मासिकात ती क्रमशः येत होती, पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि छापणं थांबलं, पुस्तक निघालं ते १९१८ मध्ये, युद्ध संपल्यावर. थॉमस त्या काळात जर्मनीच्या युद्धाच्या बाजूने लिहीत होता, १९१५ मध्ये हाइनरिशने फ्रेंच कादंबरीकार झोलावर निबंध लिहिला त्यात भावाला टोले होते, थॉमसने १९१८ मध्ये अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं, आणि बोलणं बंद. १९२२ मध्ये हाइनरिश खूप आजारी पडला तेव्हा समेट झाला आणि त्याच वर्षी थॉमसने युद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या बाजूने जाहीर भाषण केलं. म्हणजे धाकटा बदलला, पण थोरला तिथे कितीतरी आधी पोचला होता आणि याचं श्रेय त्याला फार कमी लोक देतात.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा तर फरक अगदी उघड दिसतो. हाइनरिश तेव्हा बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीच्या साहित्य विभागाचा अध्यक्ष होता, नाझींनी त्याला काढलं, तो फेब्रुवारीतच फ्रान्सला निघून गेला, मे महिन्यात त्याची पुस्तकं नाव घेऊन जाळली आणि ऑगस्टमध्ये नागरिकत्व काढून घेतलं. थॉमसही परत गेला नाही, स्वित्झर्लंडला राहिला, पण १९३६ पर्यंत त्याने राजवटीशी जाहीरपणे संबंध तोडले नाहीत कारण पुस्तकं अजून जर्मनीत विकली जात होती. त्याचं नागरिकत्व गेलं १९३६ च्या डिसेंबरमध्ये. नंतर मात्र तो कचरला नाही, युद्धभर बीबीसीवरून जर्मन लोकांना उद्देशून हिटलरविरुद्ध बोलत राहिला.

१९४० मध्ये फ्रान्सही नाझींच्या हाती पडल्यावर सत्तरीला टेकलेला हाइनरिश पिरेनीजचा डोंगर पायी ओलांडून स्पेनमार्गे निसटला, सोबत नेली नावाची त्याची बायको आणि थॉमसचा मुलगा गोलो. कॅलिफोर्नियात दोघं भाऊ पुन्हा जवळजवळ राहिले पण परिस्थिती किती वेगळी, थॉमसचं पॅसिफिक पॅलिसेड्सला स्वतःचं घर, अमेरिकेत प्रतिष्ठा, आणि हाइनरिशला वॉर्नर ब्रदर्सचं एक वर्षाचं पटकथेचं काम मिळालं, ते संपल्यावर भावाच्या पैशांवर दिवस काढावे लागले. १९४४ मध्ये नेलीने आत्महत्या केली. १९५० मध्ये पूर्व बर्लिनच्या नव्या अकादमीचं अध्यक्षपद घ्यायला निघायच्या आधीच तो सँटा मोनिकात वारला. थॉमस १९५५ ला झ्युरिकमध्ये गेला.

मरणानंतरही हाइनरिशच्या वाट्याला फाळणी आली. पूर्व जर्मनीने त्याला आपला मानलं, १९५१ मध्ये ‘उंटरटान’वर सिनेमा काढला आणि पश्चिम जर्मनीत तो सिनेमा काही वर्षं दाखवूच दिला नाही.

थॉमस वाचायचा आणि जाड पुस्तकाची भीती वाटत असेल तर ‘द ट्रान्सपोज्ड हेड्स’ (१९४०) घ्या, छोटी आहे आणि गोष्ट वेताळ पंचविशीतली, धडं आणि डोकी अदलाबदल झालेल्या दोघांची, गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’साठी तिचाच आधार घेतला. हाइनरिशसाठी मात्र थेट ‘उंटरटान’, इंग्रजी अनुवाद मिळतो.