बत्तीस थ्रेडचा नायगारा आणि त्याचा खुला आराखडा

मार्च २००६मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्या अल्ट्रास्पार्क टी-१ या प्रोसेसरचा संपूर्ण आराखडा इंटरनेटवर ठेवला. त्या प्रोसेसरवर चालणारे सर्व्हर बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. जुना, विक्रीतून बाद झालेला माल अभ्यासासाठी वाटून टाकावा असा हा प्रकार नव्हता. ज्या चिपवर कंपनीचे पुढचे भवितव्य टांगलेले होते, तिचीच व्हेरिलॉग या चिपरचना लिहिण्याच्या भाषेतली मांडणी जीपीएल या खुल्या परवान्याखाली कुणालाही वाचायला, बदलायला आणि त्यातून नवी चिप घडवायला खुली झाली. या प्रकल्पाचे नाव ओपनस्पार्क. हा निर्णय का झाला हे समजायला आधी ती चिप अशी का घडली ते पाहावे लागते.

नव्वदच्या दशकात प्रोसेसरची स्पर्धा म्हणजे क्लॉकच्या (प्रोसेसरला ताल देणाऱ्या ठोक्यांच्या) वेगाची स्पर्धा होती. मेगाहर्ट्झ वाढवा, एकाच वेळी जास्त सूचना पुढे ढकला, पुढची सूचना कोणती असेल याचा अंदाज बांधा. मेमरीचा वेग मात्र त्या मानाने फारच सावकाश वाढत होता. हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे चिपवरच्या छोट्या जलद मेमरीत, सापडली नाही, तर प्रोसेसरला क्लॉकचे शंभर-दोनशे ठोके नुसते थांबून राहावे लागे. वेब सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या कामात हे सतत होते, कारण तिथे माहिती विखुरलेली असते आणि आकडेमोड थोडी असते. त्यात उष्णतेचा प्रश्न हाताबाहेर जाऊ लागला. मे २००४मध्ये इंटेलने पेंटियम ४च्या पुढची 'तेजस' ही चिप सोडून दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात सनने आपला अल्ट्रास्पार्क ५ रद्द केला होता.

यावरचा उपाय स्टॅनफर्ड विद्यापीठात आधीपासून आकार घेत होता. कुनले ओलुकोटुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्येच असे मांडले होते, की एक अवाढव्य, गुंतागुंतीचा कोअर (सूचना राबवणारा प्रोसेसरचा गाभा) घडवण्याऐवजी त्याच जागेत अनेक साधे कोअर बसवावेत. त्यांचा हायड्रा प्रकल्प याच विचाराचा. पुढे ओलुकोटुन आणि अनुभवी चिपरचनाकार लेस कोन यांनी अफारा वेबसिस्टिम्स ही कंपनी काढली. २००२मध्ये सनने ती विकत घेतली, आणि तिथल्या आराखड्यातूनच 'नायगारा' हे सांकेतिक नाव असलेला टी-१ उभा राहिला.

या चिपमध्ये आठ कोअर होते आणि प्रत्येक कोअरमध्ये चार थ्रेड (सूचनांचे स्वतंत्र प्रवाह), म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला बत्तीस प्रोसेसर दिसत. कोअर स्वतः अगदी साधा: सूचना पार पाडणारी सहा टप्प्यांची साखळी (पाइपलाइन) आणि एका वेळी एकच सूचना. युक्ती होती ती थ्रेडच्या अदलाबदलीत. क्लॉकच्या दर ठोक्याला कोअर वेगळ्या थ्रेडकडे वळे. एखादा थ्रेड मेमरीची वाट पाहत असला की त्याला वगळून उरलेल्यांना संधी मिळे. एका चुलीवर भात शिजतोय म्हणून त्याच्याकडे बघत न बसता बाकीच्या तीन चुली सांभाळणाऱ्या स्वयंपाक्यासारखे हे काम. भात लवकर शिजत नाही, पण जेवण वेळेवर होते. एकटा थ्रेड घेतला तर टी-१ त्या काळातही मंदच होता. एकूण काम मात्र भरपूर उरकत असे, आणि तेही ७२ वॅटच्या आसपास. त्या वेळचे कित्येक सर्व्हर-प्रोसेसर शंभर वॅटच्या वर जात. किंमतही मोजावी लागलीच: आठ कोअरमध्ये मिळून दशांशी (फ्लोटिंग पॉइंट) आकडेमोडीचा एकच विभाग होता, त्यामुळे शास्त्रीय गणितांसाठी ही चिप कामाची नव्हती. ही उणीव २००७च्या टी-२ने भरून काढली. त्यात प्रत्येक कोअरला स्वतःचा विभाग आणि थ्रेडची संख्या चौसष्ट झाली.

मग आराखडा खुला करण्याचे कारण काय? सनच्या स्वभावात मोकळेपणा मुरलेला होता, हे एक. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला, अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनिली आणि बिल जॉय यांनी १९८२मध्ये ही कंपनी काढली, तीच मुळी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोरावर. १९८७चा स्पार्क सूचनासंचही (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची यादी) बर्कलीतल्या डेव्हिड पॅटरसन यांच्या रिस्क, म्हणजे मोजक्या साध्या सूचनांवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या, संशोधनातून आलेला. सनने तो दाबून ठेवला नाही. १९८९मध्ये स्पार्क इंटरनॅशनल ही वेगळी संस्था स्थापन झाली आणि १९९४मध्ये स्पार्कची आठवी आवृत्ती आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे १७५४ क्रमांकाचे मानक बनली. युरोपीय अंतराळ संस्थेत यिरी गाइसलर यांनी अंतराळयानांसाठी घडवलेला लिऑन प्रोसेसर याच आवृत्तीवर उभा आहे, आणि तोही खुला. म्हणजे ओपनस्पार्कच्या आधीच या घराण्यात खुलेपणाची परंपरा होती.

दुसरे कारण गरजेचे, आणि माझ्या मते तेच जास्त वजनदार. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर सनची विक्री घसरली होती. इंटेलच्या घराण्यातले स्वस्त एक्स-८६ सर्व्हर आणि लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम यांनी तिचे गिऱ्हाईक पळवले होते. बत्तीस थ्रेड वापरू शकेल असे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक हवे होते, विद्यापीठे हवी होती, लिनक्सवाले हवे होते. २००५मध्ये सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा स्रोत खुला करून कंपनीने हा रस्ता धरलाच होता. प्रोसेसर ही त्यापुढची पायरी.

ओपनस्पार्कचे खरे मोल मला व्हेरिलॉगच्या फायलींपेक्षा त्यांच्यासोबत आलेल्या सामानात दिसते. चाचण्यांचा मोठा संच, सिम्युलेटर, हायपरवायजरचा (एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्रोत, रचनेची तपशीलवार कागदपत्रे, हे सगळे एकत्र मिळाले. चिप लिहिण्यापेक्षा ती बरोबर आहे हे सिद्ध करण्यातच जास्त माणसे आणि वेळ खर्ची पडतो, आणि हे ज्ञान कंपन्या सहसा भिंतीबाहेर जाऊ देत नाहीत. प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या बहुकोअर चिपमध्ये कॅशचा मेळ कसा ठेवतात, क्रॉसबार (कोअर आणि कॅश यांना जोडणारे जाळे) कसा बांधतात, हे तोवर विद्यार्थ्याला शोधनिबंधातल्या आकृत्यांवरूनच ताडावे लागे.

उपयोग लगेच सुरू झाला. सिम्पली रिस्क या छोट्या गटाने २००६मध्येच टी-१चा एक कोअर सुटा काढून एस-१ नावाने प्रसिद्ध केला. झायलिंक्सच्या एफपीजीए (हवी तशी पुन्हा जुळवता येणारी चिप) बोर्डवर एक कोअर बसवून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याची सोय झाली, त्यामुळे कारखान्याचे तोंड न पाहताही प्रोसेसरमध्ये बदल करून बघता येऊ लागले. डिसेंबर २००७मध्ये टी-२चाही आराखडा आला.

पण प्रकल्पाचा कणा एकाच कंपनीत होता. बाहेरच्यांनी सुधारणा करायच्या, त्या मूळ आराखड्यात परत यायच्या आणि पुढच्या चिपमध्ये उतरायच्या, असे चक्र कधी फिरलेच नाही. जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली. त्याच वर्षी सोळा कोअर आणि १२८ थ्रेडचा टी-३ आला, पण त्याचा स्रोत आला नाही. त्याच वर्षी बर्कलीत क्रस्ते असानोविच, अँड्र्यू वॉटरमन, युनसप ली आणि पॅटरसन यांनी रिस्क-५ या नव्या सूचनासंचाचे काम सुरू केले. तिथे खुला झाला तो सूचनासंच. चिप ज्याची त्याने घडवावी, हवी तर खुली ठेवावी, नको तर बंद. २०१५मध्ये त्याची देखभाल एका स्वतंत्र फाउंडेशनकडे गेली. एका कंपनीचे दिवस फिरले तरी काम थांबू नये, ही तजवीज ओपनस्पार्कला कधी लाभली नव्हती.

भारतात स्पार्क आणि रिस्क-५ हे दोन्ही प्रवाह पोचले. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९८मध्ये सादर केलेला परम १०००० हा सुपरकॉम्प्युटर सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर चालत असे. ते विकत घेतलेले होते. आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९मध्ये लोकांसमोर आला. तो ओपनस्पार्कवरून घेतलेला नाही, पण सूचनासंच तोच आयईईई १७५४. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' या प्रोसेसरने मात्र रिस्क-५ची वाट धरली.

टी-१च्या कोअरला सर्वात मोठे दुसरे आयुष्य दिले प्रिन्सटन विद्यापीठातल्या डेव्हिड वेंट्झलाफ यांच्या गटाने. त्यांनी तो कोअर घेतला, चार थ्रेडऐवजी दोन ठेवले, आठ कोअरना जोडणाऱ्या क्रॉसबारच्या जागी जाळीसारखी जोडणी आणि नवी कॅशव्यवस्था रचली. पंचवीस कोअरची पिटॉन ही चिप ३२ नॅनोमीटरच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष तयार झाली, आणि २०१५मध्ये तिचा आराखडा ओपनपिटॉन या नावाने खुला झाला. या मांडणीत कोअर बदलता येतो. त्यामुळे २०१९च्या सुमारास स्पार्कचा कोअर काढून तिथे झुरिकच्या ईटीएच संस्थेचा एरियान हा रिस्क-५ कोअर बसवता आला, आणि अनेक कोअरवर लिनक्स चालवणारी एक पूर्णपणे खुली रिस्क-५ यंत्रणा उभी राहिली.