‘कोड काढला’ म्हणजे नेमकं काय केलं?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मामाच्या डिझेल गाडीत पिवळा दिवा लागला. डब्यात ठिपके भरलेत असं चित्र, आणि शेजारी इंजिनाच्या आकाराचा दुसरा दिवा. मामाचं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, घर रंकाळ्याच्या बाजूला. म्हणजे गाडीची रोजची धाव दोन-तीन किलोमीटर, तीही बरीचशी दुसऱ्या गिअरमध्ये. एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पाच मिनिटांत ‘कोड काढला’ आणि दिवा गेला. पंधरा दिवसांनी परत लागला, परत काढला. तिसऱ्या वेळी त्यानं सायलेन्सरच्या लाइनमधला फिल्टरच बदलायला सांगितला. आकडा ऐकून मामा तिथल्याच एका जुन्या टायरवर बसला.

‘काढणे’ हे आपल्याकडचं भलतंच उदार क्रियापद आहे. विहिरीतून पाणी काढतात आणि पायातला काटाही काढतात. गॅरेजात कोड काढणे म्हणजे तो वाचणेही असतं आणि पुसणेही. दोन्ही कामं एकाच स्कॅनरनं, एकाच सॉकेटमधून होतात, म्हणून गिऱ्हाइकाला ती एकच वाटतात. मामाच्या बाबतीत दोन्ही वेळा फक्त पुसणं झालं होतं.

इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे बॉनेटखालचा छोटा संगणक, स्वतः काहीच पाहत नाही. हवा किती आत आली, रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब किती, धूर किती तापलाय, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात, तेही व्होल्टेजच्या भाषेत. आलेला आकडा अपेक्षेच्या चौकटीबाहेर गेला की तो त्याची पाच अक्षरी नोंद करतो. तिलाच कोड म्हणतात. पहिलं अक्षर पी असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सची, सी असेल तर ब्रेक-सस्पेन्शनची, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे संगणकांच्या आपापसातल्या बोलण्यात खंड. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना सोळा पिनांचं एकसारखं सॉकेट आणि एकसारखे मूळ कोड सक्तीचे झाले. आज कुठलाही साधा स्कॅनर कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागतो तो त्यामुळं.

कोड सुटा भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०४०१ घ्या. त्याचा अर्थ, ईजीआर व्हॉल्व्हमधून परत इंजिनात जायला हवा तेवढा धूर जात नाही. हा धूर परत पाठवतात तो ज्वलनाचं तापमान खाली ठेवायला, म्हणजे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. पण पुष्कळ गाड्यांत हा प्रवाह थेट मोजलेला नसतो, आत येणाऱ्या ताज्या हवेच्या आकड्यावरून अंदाजलेला असतो. मग हवा मोजणारा सेन्सर धुळीनं माखला, तरी आळ येतो ईजीआरवर. साक्षीदाराचा चष्मा खराब, आणि पकडला जातो भलताच.

कोडबरोबर आणखी एक मोलाची नोंद असते. तक्रार झाली त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, लोड किती, याचा एक फोटोच संगणक काढून ठेवतो. स्कॅनरवर त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. चढावर भर लोडला पडलेला कोड आणि सकाळी थंड इंजिनावर पडलेला तोच कोड, यांची कारणं वेगळी असू शकतात. ‘इरेज’चं बटण दाबलं की कोडबरोबर हा फोटोही जातो, आणि संगणकानं स्वतःच्या यंत्रणा तपासून केलेल्या ‘ठीक आहे’ अशा खुणाही पुसल्या जातात. पंचनाम्याआधीच जागा धुऊन टाकावी, तसं ते होतं. बऱ्याच बिघाडांत संगणक गाडीच्या एका फेरीत दिवा लावत नाही. तीच तक्रार पुढच्या फेरीतही आली तरच लावतो. त्यामुळे पुसल्यावर काही दिवस सगळं आलबेल दिसतं, आणि तेवढ्यात गॅरेजवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात.

मामाला शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. या वसाहतीत एकेकाळी विहिरीवरची ऑइल इंजिनं घडायची. त्या पिढीची माणसं धुराच्या रंगावरून रोग सांगत: काळा म्हणजे हवा कमी पडतेय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जातंय. नव्या डिझेल गाडीत मात्र धूर दिसतच नाही. भारत स्टेज चारच्या डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा आलं आणि ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी धुराच्या वाटेत सिरॅमिकचा फिल्टर बसला, डीपीएफ. धूर गाळला गेला, आणि धूर वाचण्याची विद्याही त्यातच अडकली. मिस्त्रींच्या हातात आता टॅब्लेट असतो.

हा फिल्टर गुऱ्हाळात रस गाळायच्या फडक्यासारखा समजा. फडकं तुंबत गेलं की वर रस साचतो. डीपीएफ तुंबला की त्याच्या आधीचा दाब वाढतो, नंतरचा तेवढाच राहतो. दोन्ही बाजूंना एकेक नळी लावून एक सेन्सर हा फरक मोजतो. फरक वाढला की संगणक फिल्टर जाळून साफ करायला घेतो. काजळी पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात, आणि डिझेलचा धूर एरवी इतका तापत नाही. म्हणून मुख्य ज्वलन झाल्यावर उशिरानं थोडं जास्तीचं डिझेल फवारलं जातं; ते पुढच्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे धुराच्या वाटेतल्या रासायनिक लेपाच्या जाळीवर, जळून धूर तापवतं. या कामाला एका चालीनं दहा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते. लक्ष्मीपुरीच्या वाटेवर ती कुठून मिळणार!

मामाच्या गाडीत कोड होता पी२४६३, फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा. मिस्त्रींनी तो वहीत लिहून घेतला, पुसला नाही. मग इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली आणि दाबातला फरक बघितला. स्क्रीनवर चाळीस मिलिबार.

“मालक, गाडी बंद हाय न्हवं?”

“बंदच आहे की.”

“मग ह्यो दाब आला कुठनं?”

या एका प्रश्नात फिल्टरची किंमत वाचली. इंजिन बंद असताना फिल्टरच्या दोन्ही अंगांना तीच बाहेरची हवा. फरक जवळपास शून्यच हवा. म्हणजे सेन्सर खोटं बोलत होता. त्याच्या रबरी नळ्या काढल्या तर त्यांत काजळी कालवलेलं पाणी निघालं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब चालली तर ती वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते. दोन-तीन किलोमीटरच्या धावेत सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ तिथंच पाणी होऊन बसते आणि नळीवाटे सेन्सरपर्यंत पोचते.

यानंतर मिस्त्रींनी ऑइलची पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. मामाला आनंद झाला, गाडी ऑइल खात नाही म्हणून! पण ते वाढलेलं ऑइल नव्हतंच, त्यात डिझेल मिसळलं होतं. सेन्सर फिल्टर भरल्याचं सांगत राहिला, संगणक उशिराचं डिझेल फवारत राहिला, मामा दर वेळी मधेच चावी काढत राहिला. त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांपलीकडे उतरून ऑइलमध्ये पडत होतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना सांभाळत नाही. दोन वेळा दिवा पुसला तेव्हा आत हे चालू होतं.

पिवळ्या दिव्याला असा शोध घेण्याइतका वेळ असतो. लाल दिव्याला नसतो. तेलाच्या कॅनचं लाल चित्र दिसलं तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा असेल तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढून घेतात, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून ते खालीच सापडतं. इथं मात्र ‘काढणे’ याचा एकच अर्थ होतो. स्प्रिंगसारखं चित्र म्हणजे हीटर प्लग; थंडीत क्षणभर लागून विझला तर ठीक, चालता चालता लुकलुकू लागला तर बहुतेक गाड्यांत ती तक्रार असते.

नवा सेन्सर, नव्या नळ्या, नवं ऑइल. मग मिस्त्रींनी कोड पुसला, आणि मधेच अडकलेली सफाई पुरी करून घ्यायला आम्ही गाडी उजळाईवाडीजवळ महामार्गाला लावली. टॅब्लेट माझ्या मांडीवर होता. कागल मागं टाकेपर्यंत धुराचं तापमान सहाशेच्या वर गेलं आणि दाबातला फरक हळूहळू उतरत गेला. निपाणीच्या अलीकडे मामाला चहा आठवला. त्यानं गाडी रस्त्याखाली, नुकत्याच ऊसतोड झालेल्या रानाच्या कडेला घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून मिस्त्री ओरडले, “मालक, डांबरावरच! खाली पाचट हाय, पेटंल की!”