सूचीच्या, म्हणजे पिरॅमिडच्या, घनफळाच्या सूत्रातला तो ३ कुठून येतो?

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश हे सगळ्यांचंच पाठ असतं, पण का असं विचारलं की उत्तर येतं, मोजून बघा ना! मोजून कधी १७९ येतात कधी १८१, आणि समजा बरोब्बर १८० आले तरी न मोजलेल्या त्रिकोणांचं काय? खरं कारण एका रेघेत आहे. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून तळाच्या बाजूला समांतर रेघ मारा, आता तिच्याखाली शिरोबिंदूपाशी तीन कोन दिसतील, मधला त्रिकोणाचा स्वतःचा आणि आजूबाजूचे दोन म्हणजे तळाच्या कोनांचे व्युत्क्रम कोन, म्हणजे तेवढेच, आणि तिघं मिळून सरळ रेघ होते. झाले १८०. कोनमापकाला हातही न लावता सगळ्या त्रिकोणांचा निकाल लागला, मला हे कायम भारी वाटतं.

अर्थात सपाट कागदावरच बरं का. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून एकमेकांशी ९० अंश करणारी दोन रेखावृत्तं विषुववृत्तापर्यंत आणली तर तिथे अजून दोन काटकोन होतात, बेरीज थेट २७०. बहुभुजाकृतीचं तर सोपंय, एका कोपऱ्यातून कर्ण काढले की बाजूंपेक्षा दोन कमी त्रिकोण पडतात, म्हणून षटकोनाचे ४ गुणिले १८०, ७२०.

आता खरी मजा. त्रिकोण तसाच सरळ वर उचलत नेला की त्रिकोणी चिती, म्हणजे प्रिझम. घनफळ तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, हे लगेच पटतं कारण प्रत्येक थर सारखाच आहे. पण तोच तळ आणि तीच उंची असलेल्या सूचीचं घनफळ याच्या एक तृतीयांश, आणि हा ३ शाळेत बहुतेकदा नुसता फळ्यावर लिहून दिला जातो, जे मला अजिबात पटत नाही कारण तो चितीच्या आतच दिसतो.

तळाचे बिंदू अ, ब, क आणि त्यांच्या बरोब्बर वर प, फ, म असं धरा. पहिली सूची अबक तळावर, टोक प. दुसरी पफम तळावर, टोक क. दोघींचे तळ एकरूप, उंची तीच, म्हणून घनफळ सारखं. उरला तुकडा प, फ, ब, क या बिंदूंचा. दुसरी आणि ही तिसरी दोघींचं टोक प धरलं तर त्यांचे तळ म्हणजे बकमफ या आयताचे कर्णाने केलेले दोन अर्धे, म्हणून त्याही सारख्या. तीन सारखे तुकडे, दिसायला वेगवेगळे असतील, पण प्रत्येक चितीच्या एक तृतीयांश. युक्लिडला हे सुमारे इ.स.पू. ३०० मध्येच माहीत होतं.

फक्त एक गोष्ट मी वर गुपचूप वापरली, सारखा तळ आणि सारखी उंची म्हणजे सारखं घनफळ. त्यासाठी सूचीचे असंख्य पातळ थर कल्पावे लागतात. नुसतं कापून-जोडून होईल का? सपाट आकृत्यांत होतं, सारख्या क्षेत्रफळाच्या कुठल्याही दोन बहुभुजाकृती कापून एकीची दुसरी बनवता येते. घनाकृतींचं काय, हा प्रश्न जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने १९०० मध्ये मांडला आणि त्याचाच विद्यार्थी माक्स डेन याने दाखवलं की नाही होत, सारख्या घनफळाची सुसम त्रिकोणी सूची (चारही पृष्ठं समभुज त्रिकोण असलेली) कितीही तुकडे करून जोडली तरी घन बनत नाही. आडवे येतात ते कोनच! घनाची शेजारची पृष्ठं ९० अंशात भेटतात, सूचीची साधारण ७०.५३ अंशात, आणि हा कोन कितीही वेळा घेतला तरी ९० ची पूर्ण पट कधीच होत नाही.