सॉल्टबॉक्स घराचं उतरतं छप्पर: कर चुकवायला की चूल मांडायला?

अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी सॉल्टबॉक्स घरांच्या, म्हणजे पुढून दोन मजली आणि मागं एका मजल्यापर्यंत छप्पर उतरलेल्या घरांच्या, फोटोंसोबत एक गोष्ट कायम फिरते: इंग्लंडच्या राणीनं दुमजली घरांवर कर लावला, म्हणून लोकांनी मागचं छप्पर एका मजल्यापर्यंत खाली आणलं.

गोष्ट पटण्यासारखी आहे, पण खरी नाही. घराची दर्शनी भिंत बघा. ती पूर्ण दोन मजली असते. कर वसूल करणारा रस्त्यानं येणार, मग मागचं छप्पर उतरवून लपलं काय? कथेतला कर १८ व्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि मागं उतरती खोली जोडलेली घरं १७ व्या शतकातच होती. शिवाय तिथल्या तेव्हाच्या इंग्रज वसाहतींच्या कायद्यांत असा कर सापडत नाही.

खरं कारण घरातल्या माणसांचं आहे. कुटुंब वाढलं, जागा कमी पडली. मग आपल्या कोकणात मागं पडवी काढतात तशी खोली जोडली, मधल्या धुराड्याला आणखी एक चूल दिली आणि स्वयंपाकघर तिथं हलवलं. पुढं हा आकार इतका सोयीचा वाटला, की नवी घरंही तशीच बांधू लागले.

हे तपासायचं असेल तर मागच्या खोलीच्या माळ्यावर चढा. जोडकाम असेल तर तिथं कधी कधी मूळ घराची बाहेरची भिंत दिसते, ऊनपावसानं करड्या पडलेल्या फळ्यांसकट. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. बाहेरून छपराचा उतार मध्येच बदललेला दिसला, तरी बहुधा खोली नंतरची. वासे शेंड्यापासून खालपर्यंत सलग असतील, तर घर मुळातच तसं बांधलेलं.