आफ्रिकी देशांतल्या डिजिटल व्यापाराचे नियामक अडथळे

आफ्रिका खंडात इंटरनेटवरून वस्तू, सेवा, सॉफ्टवेअर, डेटा किंवा पैसे एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचे म्हटलं की कायदे, लायसन्स, कर आणि सरकारी हुकूम यांच्यामुळे ज्या अडचणी येतात त्यांची ही नोंद. वीज नसणं, रेंज नसणं, घराला पत्ता नसणं या अडचणी इथे घेतलेल्या नाहीत. सगळीकडे ऐकू येतं की या नियमांचा त्रास बड्या अमेरिकन कंपन्यांना होतो, पण त्यांच्याकडे प्रत्येक देशात वकील आणि ऑफिस उघडायला पैसे असतात. खरा भार पडतो तो शेजारच्या आफ्रिकी देशात विकू पाहणाऱ्या छोट्या माणसावर, ज्याला नैरोबीतून कंपालाला किंवा अक्रातून लागोसला जाताना प्रत्येक हद्दीवर वेगळा जकात नाका लागतो.

हे अडथळे आले कुठून याबद्दल तीन मतं आहेत आणि उगम कुठला मानता त्यावर उपाय ठरतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिलं मत असं की याचं मूळ सरकारी टेलिफोन कंपन्यांच्या मक्तेदारीत आहे. पोर्तुगालपासून पश्चिम किनाऱ्याने दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणारी सॅट-३ ही समुद्री केबल साधारण २००१-०२ च्या सुमारास सुरू झाली, पण ती किनाऱ्यावर जिथे उतरायची तिथला ताबा बहुतेक देशांत एकाच राष्ट्रीय कंपनीकडे होता आणि ती म्हणेल तो दर. पूर्व किनाऱ्यावर जुलै २००९ मध्ये सीकॉम ही खाजगी केबल आली (तिचं एक टोक आपल्या मुंबईत उतरतं), तोपर्यंत तिकडचा बराचसा ट्रॅफिक महागड्या सॅटेलाइटवरून जायचा. दुसरं मत म्हणजे हे सगळं युरोपच्या साच्यातून आलं: केप व्हर्देचा डेटा कायदा २००१ चा, ट्युनिशियाचा २००४ चा, सेनेगलचा २००८ चा, या सगळ्यांवर युरोपच्या १९९५ च्या डेटा निर्देशाची छाप आहे, आणि समोरच्या देशात पुरेसं संरक्षण असेल तरच वैयक्तिक माहिती बाहेर पाठवा ही अट तिथूनच आली. तिसरं मत २०१३ च्या स्नोडेन प्रकरणाकडे बोट दाखवतं, की अमेरिकन हेरगिरी उघडी पडली आणि सरकारांनी डेटा घरात ठेवायचा निर्णय घेतला.

तिसरं मत लोकांना पटकन पटतं पण तारखा त्याला साथ देत नाहीत. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने २०११ मध्येच कार्ड मशीनच्या व्यवहारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात स्पष्ट लिहिलं की देशातल्या देशातले कार्ड व्यवहार देशी स्विचमधूनच (बँकांमध्ये कार्डाचे व्यवहार फिरवणारी यंत्रणा) जातील, कोणत्याही परिस्थितीत बाहेरून फिरवायचे नाहीत. स्नोडेनच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. त्यामागे हेरगिरीची भीती बहुधा नव्हती, परदेशी कार्ड नेटवर्कला जाणारी फी आणि देशी स्विच कंपन्यांचा धंदा हे विषय जास्त जवळचे होते. केनियाच्या २०१९ च्या डेटा कायद्याचं ५० वं कलम वाचलं तर आणखी उलगडा होतो, तिथे मंत्र्याला ठराविक डेटा केनियातल्याच सर्व्हरवर ठेवायला लावायचा अधिकार दिलाय आणि त्यासाठी दोन कारणं सांगितली आहेत, एक राज्याचं सामरिक हित आणि दुसरं महसुलाचं रक्षण. म्हणजे युरोपचा साचा घेतला हे खरं, पण त्यात भरलेला माल मक्तेदारीच्या काळातलाच, टेलिफोनमधून मिळणारा पैसा आटतोय ही सरकारी तिजोरीची काळजी. या नोंदीचा कल पहिल्या मताकडे आहे तो याच कारणाने.

डेटा देशातच ठेवा हा नियम ऐकायला एक वाटतो पण त्यात किमान चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर चर्चा भरकटते. एक म्हणजे व्यवहाराचा रस्ता देशातून जावा, जसं नायजेरियाचं २०११ चं. दोन, एक कॉपी देशात हवी, बाकीच्या कुठेही ठेवा. तीन, फक्त देशातच ठेवा. चार, बाहेर पाठवा पण अटींवर, जसं दक्षिण आफ्रिकेच्या पोपिया या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचं ७२ वं कलम, ज्यात समोरच्या देशात तसाच कायदा किंवा करार असणं किंवा माणसाची संमती अशा वाटा दिल्यात. हा कायदा २०१३ मध्ये सही झाला पण त्याची खरी अंमलबजावणी १ जुलै २०२१ पासून. आपल्याकडच्या वाचकाला तिसरा प्रकार ओळखीचा असेल कारण रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा हुकूम काढला होता, पण तो साठवण्याबद्दल आहे आणि नायजेरियाचा २०११ चा रस्त्याबद्दल, दोन्ही एकच समजू नयेत.

रवांडाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. तिथल्या नियामकाने मे २०१७ मध्ये एमटीएन रवांडा या मोबाईल कंपनीला साधारण ८५ लाख डॉलरचा दंड केला, कारण ग्राहकांच्या सेवा चालवणारी आयटी यंत्रणा तिने शेजारच्या युगांडात ठेवली होती. दोन्ही देश पूर्व आफ्रिकी समुदायाचे सदस्य, दोन्ही एका साइटवरून चालवणं कंपनीला स्वस्त पडणार, आणि नेमकी हीच एकत्रीकरणाची वाट नियमाने बंद केली. पुढे २०२१ च्या कायद्यानेही डेटा रवांडातच ठेवणं हा मूळ नियम मानला आणि बाहेर ठेवायचा तर प्राधिकरणाचं प्रमाणपत्र लागेल असं केलं. छोट्या देशांत डेटा सेंटर चालवायला वीज महाग पडते, गिऱ्हाईक कमी असतात, मग हा खर्च शेवटी तिथल्याच दुकानदाराच्या बिलात येतो हे लक्षात घेतलं पाहिजे.

पूर्ण खंडासाठी एकच डेटा करार करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. आफ्रिकी संघाने २७ जून २०१४ ला मलाबोमध्ये सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक डेटाचा करार मंजूर केला पण तो लागू व्हायला १५ देशांची मान्यता लागत होती आणि ती जमून करार लागू व्हायला ८ जून २०२३ उजाडलं. तेव्हाही त्या १५ मध्ये नायजेरिया, केनिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त यांच्यापैकी कोणीच नव्हतं.

पेमेंटचं लायसन्स हा दुसरा मोठा अडथळा. केनियात एम-पेसा (मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा) मार्च २००७ मध्ये सुरू झालं ते मध्यवर्ती बँकेच्या ना-हरकत पत्रावर, तेव्हा त्यासाठी वेगळा कायदा नव्हता आणि कायदा नव्हता म्हणूनच ते इतकं वाढलं असं बरेच अभ्यासक मानतात. इथिओपियाने उलटं केलं. २०२१ मध्ये सफारीकॉम या एम-पेसावाल्या केनियन कंपनीच्या गटाला ८५ कोटी डॉलर घेऊन टेलिकॉम लायसन्स दिलं पण मोबाईल पैशांची परवानगी त्यात नव्हती, त्याच वर्षी मे महिन्यात सरकारी इथिओ टेलिकॉमने टेलिबिर ही स्वतःची मोबाईल पैशांची सेवा सुरू केली आणि एम-पेसाला तिथे उतरायला २०२३ उजाडलं. पश्चिम आफ्रिकेत सीएफए फ्रँक हे एकच चलन वापरणाऱ्या आठ देशांना एकच मध्यवर्ती बँक असल्याने तिथे नियमांचं पुस्तक एकच असतं (वेव्ह या मोबाईल पैशांच्या कंपनीला एप्रिल २०२२ मध्ये तिथलं ई-मनी लायसन्स मिळालं), बाकी बहुतेक ठिकाणी प्रत्येक देशात पहिल्यापासून सुरुवात.

परकीय चलनाचे नियमही इथेच येतात. ट्युनिशियात बाहेरच्या साइटवर पैसे भरायला तंत्रज्ञान कार्ड मिळतं पण साध्या माणसाला त्यावर बराच काळ वर्षाला १,००० दिनार एवढीच मर्यादा होती, म्हणून २०१८ च्या स्टार्टअप कायद्यात नव्या कंपन्यांना जास्त मुभा द्यावी लागली. नायजेरियात २०२२ मध्ये डॉलरच्या टंचाईत काही बँकांनी नायरा कार्डवरचा परदेशी खर्च महिन्याला २० डॉलरवर आणला, एवढ्यात एका सॉफ्टवेअरचं मासिक भाडंही भागत नाही. दोन आफ्रिकी देशांमधले पैसेसुद्धा अनेकदा डॉलर किंवा युरोत बदलून खंडाबाहेरच्या बँकांमधून फिरून येतात. यावर उपाय म्हणून अफ्रेक्झिमबँक या आफ्रिकी आयात-निर्यात बँकेच्या पाठबळाने १३ जानेवारी २०२२ ला अक्रामध्ये पॅप्स ही पेमेंट व्यवस्था सुरू झाली, स्थानिक चलनातून स्थानिक चलनात थेट हिशोब व्हावा हा तिचा हेतू, मात्र प्रत्येक मध्यवर्ती बँकेला स्वतंत्रपणे सामील व्हावं लागतं.

करांमध्ये युगांडाचा अनुभव सगळीकडे सांगितला जातो. १ जुलै २०१८ पासून सोशल मीडिया वापरायला दिवसाला २०० शिलिंग आणि मोबाईल पैशांवर १ टक्का कर लागला. लोक व्हीपीएनवर (आपण काय वापरतो ते लपवायची सोय) गेले, मोबाईल पैशांचा कर काही महिन्यांत फक्त काढण्यावर ०.५ टक्के करावा लागला आणि २०२१ मध्ये सोशल मीडिया कर काढून त्या जागी इंटरनेट डेटावर १२ टक्के आला. घानाचा ई-लेव्ही हा मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांवरचा कर आधी १.७५ टक्के ठरला होता, संसदेत त्यावरून हाणामारी झाली, १ मे २०२२ पासून तो १.५ टक्क्याने लागू झाला, २०२३ मध्ये १ टक्का झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये रद्दच झाला. टांझानियानेही २०२१ मध्ये असाच कर लावून दोन-तीन महिन्यांत कमी केला. हे कर परदेशी कंपन्यांवर नसतात, भाजीवालीने गावी आईला पाठवलेल्या पैशांवर असतात, आणि म्हणूनच ते सगळ्यात अन्यायकारक आहेत. परदेशी कंपन्यांसाठीचा कर वेगळा, केनियाने २०२१ पासून १.५ टक्के डिजिटल सेवा कर घेतला आणि २०२४ च्या अखेरीस त्याजागी लक्षणीय आर्थिक अस्तित्वाचा कर (देशात ऑफिस नसलं तरी तिथल्या धंद्यावर लागणारा) आणला.

इंटरनेट बंद करणं हा नियम कमी आणि हुकूम जास्त, पण व्यापाराला तो सगळ्यात जड जातो. कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक प्रांतांत जानेवारी २०१७ पासून ९३ दिवस नेट बंद होतं, बुएया शहरातल्या स्टार्टअपवाल्यांनी हद्दीपलीकडच्या बोनाको गावात एक खोली घेऊन तिथून काम चालवलं. नायजेरियात ट्विटर ५ जून २०२१ ते १३ जानेवारी २०२२ बंद होतं, ते बेकायदा होतं असं इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाच्या न्यायालयाने नंतर सांगितलं.

काही नियमांना सरसकट अडथळा म्हणू नये. दक्षिण आफ्रिकेत टेलिकॉम लायसन्ससाठी ३० टक्के मालकी वर्णभेदाच्या काळात डावललेल्या समाजांकडे असावी अशी अट आहे आणि स्टारलिंकच्या निमित्ताने त्यावर बराच गदारोळ झाला, पण त्या अटीमागे इतिहास आहे आणि तो विसरून फक्त गुंतवणुकीच्या भाषेत बोलणं बरोबर नाही.

जागतिक पातळीवरचा वाद इलेक्ट्रॉनिक प्रसारणावरच्या सीमाशुल्काचा. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने असं शुल्क न लावण्याची तात्पुरती स्थगिती मान्य केली आणि ती दर वेळी वाढत गेली, २०२४ च्या अबू धाबीच्या तेराव्या मंत्री परिषदेत ती चौदावी परिषद किंवा ३१ मार्च २०२६, जे आधी येईल तोपर्यंत वाढवली गेली. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून या स्थगितीवर शंका घेणारी निवेदनं दिली आहेत. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात विकसनशील देशांचा वर्षाला १,००० कोटी डॉलरहून जास्त संभाव्य महसूल बुडतो असं म्हटलंय, तर ब्रसेल्सच्या युरोपियन सेंटर फॉर इंटरनॅशनल पोलिटिकल इकॉनॉमीने त्याच वर्षी उलट दाखवलं की शुल्क लावलं तर उत्पन्नापेक्षा अर्थव्यवस्थेचं नुकसान जास्त. पहिल्या आकड्यात आधी डिस्क आणि छापील रूपात विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा व्यापार डिजिटल झाला असं धरून हिशोब केलाय, त्यामुळे तो वरची मर्यादा म्हणून वाचणं जास्त सुरक्षित वाटतं.

आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राचा (करार किगाली २०१८, व्यापार १ जानेवारी २०२१ पासून) डिजिटल व्यापार प्रोटोकॉल फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने मंजूर केला आणि त्याची परिशिष्टं २०२५ मध्ये. सदस्य देशांमधल्या डिजिटल उत्पादनांवर सीमाशुल्क नको आणि सार्वजनिक हिताची कारणं सोडून डेटा देशातच ठेवायची सक्ती नको ही त्याची मुख्य दिशा. अवघड भाग उगमाच्या नियमांचा, म्हणजे वस्तू कुठल्या देशाची मानायची याचा आहे: लागोसमध्ये रेकॉर्ड झालेलं गाणं आयर्लंडच्या सर्व्हरवर असेल आणि अमेरिकन ॲपवरून डकारमध्ये विकलं गेलं तर ते आफ्रिकी की नाही, गायक बघायचा, सर्व्हर बघायचा की ॲपची मालकी, आणि मालकी बघितली तर बऱ्याच आफ्रिकी स्टार्टअप्सची नोंदणी अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात असते त्यांचं काय. प्रोटोकॉल लागू व्हायला २२ देशांची मान्यता लागते.

मध्य आफ्रिका आणि पोर्तुगीजभाषक देशांबद्दलचं लिखाण तुलनेने थोडं आहे, डिजिटल निर्बंध मोजणारे निर्देशांकही जास्त करून दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, केनिया यांच्याभोवती फिरतात. भारताशी जोडणी सध्या देशागणिक होतेय, फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या एनपीसीआयच्या आंतरराष्ट्रीय शाखेने नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेशी तशी पेमेंट व्यवस्था उभारून द्यायचा करार केला.