अनियंत्रित आकाशातील उपकरण उड्डाण

अनियंत्रित आकाशातील उपकरण उड्डाण : विमानाविमानांत अंतर राखण्याची जबाबदारी कोणत्याही नियंत्रकावर नसलेल्या आकाशात, बाहेरची जमीन दिसो वा न दिसो, कॉकपिटमधील उपकरणांच्या भरवशावर केलेले उड्डाण. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे ‘ए’ ते ‘जी’ असे सात वर्ग केले आहेत. त्यांतले ‘एफ’ आणि ‘जी’ अनियंत्रित. ‘जी’ वर्गात हवामान आणि ठाऊक असलेल्या इतर विमानांची माहिती रेडिओवर मिळते. मात्र तुमच्या वाटेतून दुसऱ्याला बाजूला करणारे कोणी नसते. ‘अनियंत्रित’ म्हणजे ‘नियम नाहीत’ हा समज फार घातक आहे. इथे नियम वैमानिकालाच जास्त काटेकोरपणे पाळावे लागतात.

पहिला नियम उंचीचा. अंदाजित स्थानापासून ८ किमी परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मीटर, डोंगराळ मुलखात ६०० मीटर राहावे लागते. चंद्रपूर-यवतमाळच्या सपाटीवर हे सोपे वाटते, मेळघाटात नाही. चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,१०० मीटर उंच, त्यावर ६०० मीटर धरले की सुमारे १,७०० मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांखाली उतरण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय उड्डाणाची चुंबकीय (होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेली) दिशा ० ते १७९ अंश असेल तर उंची विषम हजार फूट, १८० ते ३५९ असेल तर सम. म्हणजे तिथून पश्चिमेला जाताना सहा हजार, पूर्वेला परतताना सात हजार. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांना ढगात वेगळे ठेवणारा आधार मुख्यतः हाच.

उड्डाण आराखडा निघण्याच्या किमान ६० मिनिटे आधी द्यावा लागतो. नियंत्रण मनोरा नसलेल्या धावपट्टीवरून वैमानिक फोन करून उड्डाण माहिती केंद्राच्या नोंदीचा ‘एफआयसी’ आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा ‘एडीसी’ असे दोन क्रमांक घेतो आणि मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलीने टिपतो. वाटेत रेडिओ सतत ऐकायचा, ठरल्या ठिकाणी स्थान कळवायचे. विमानाच्या रेडिओच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून सातपुड्याच्या आड कमी उंचीवर आवाज पोहोचेलच असे नाही.

उतरणे सर्वांत अवघड. धावपट्टीसाठी उपकरणांनी उतरण्याची प्रसिद्ध पद्धत नसेल, तर सुरक्षित उंचीवर असतानाच जमीन दिसायला हवी. हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर आणि वैनगंगेच्या काठाने पहाटे दाट धुके बसते, तेव्हा ती दिसत नाही. चंद्रपूरजवळच्या मोर्व्याच्या धावपट्टीहून यवतमाळ सव्वाशे किमीच्या आत, तरी टाकीत तेवढेच इंधन भरून चालत नाही : यवतमाळपर्यंतचे, तिथून पर्यायी म्हणून नोंदवलेल्या नागपूरपर्यंतचे, आणि पिस्टन इंजिनाला त्यावर आणखी ४५ मिनिटांचे.