रोमन मोझेक: चित्राखालचे काम

रोमन मोझेकमधले, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले, चित्र जेमतेम एक-दीड सेंटीमीटर जाडीचे असते. दोन हजार वर्षे ते टिकले ते खालच्या चुन्याच्या थरांच्या जोरावर, आणि बघणाऱ्याला तेवढेच दिसत नाहीत.

व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात या थरांची कृती लिहून ठेवली आहे. जमीन सपाट करून तीवर मूठभर आकाराचे दगड पसरायचे. मग तीन भाग खडी आणि एक भाग चुना. खडी जुन्या पाडकामातली असेल तर पाचास दोन. गड्यांनी लाकडी धुमसाने चोपल्यावर हा थर किमान पाऊण रोमन फूट, म्हणजे सुमारे 22 सेंटीमीटर उरला पाहिजे. त्यावर सुरखी (भाजलेल्या विटा-कौलांची भुकटी) आणि चुना तीनास एक या प्रमाणात, किमान 11 सेंटीमीटर.

खरी करामत सुरखीची. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि जाड थराच्या पोटात हवा फारशी पोचत नाही. भाजलेल्या मातीतले सिलिका आणि अॅल्युमिना मात्र चुन्याशी संयोग पावतात आणि ओलीतही टणक होतात.

माडीवर काम आणखी नाजूक. चुन्याने फळ्या खराब होऊ नयेत म्हणून मध्ये नेचे किंवा गवताचा पेंढा अंथरायचा. ओकची फळी ओल धरून वाकते आणि जमिनीला तडे पाडते, असा इशाराही व्हिट्रुव्हियस देतो.

मग वरचे काम. आखणी करून घ्यायची आणि बारीक चुना तो ओला असेतो भरून होईल तेवढ्याच जागेवर लावायचा. साधे तुकडे सेंटीमीटरभर, चुनखडीचे किंवा संगमरवराचे. गडद निळा-हिरवा रंग हवा तर काच. पण ती पायाखाली झिजते, म्हणून भिंती आणि कारंज्यांवर जास्त. चार मिलिमीटरहून लहान तुकड्यांचे मधले चित्र बहुधा कार्यशाळेतच भाजक्या मातीच्या वा दगडी तबकात घडवून जागेवर बसवत. पाँपेईत 1831 साली सापडलेल्या अलेक्झांडरच्या युद्धचित्रात असे दहा लाखांहून अधिक तुकडे आहेत, आणि रंग मुख्यतः चारच: पांढरा, पिवळा, तांबडा, काळा. शेवटी घासाई, संगमरवराची भुकटी आणि चुना-वाळूने दरजा भरणे.

एवढ्या कष्टांची मजुरी? रोमन सम्राट डायोक्लेशनच्या इसवी सन 301 सालच्या दरपत्रकात मोझेक कारागिराला कामाच्या प्रकारानुसार रोज 50 किंवा 60 दिनार, तर आकृती रंगवणाऱ्या चित्रकाराला 150.

विसाव्या शतकात अनेक मोझेक उखडून लोखंडी सळ्यांच्या सिमेंटवर बसवले गेले. सळ्या गंजून फुगल्या, चित्रे तडकली. सिमेंटमधले क्षारही वर येऊन फुलले. आता ते सिमेंट पाठीमागून कापून, खरवडून काढतात आणि त्या जागी चुन्याचाच गारा भरून मोझेक हलक्या अॅल्युमिनियम पाट्यांवर चढवतात.